पत्र मेव्हण्याकडं, गाडी तुमच्याकडं

'ताई, मी कळे गावचा. गोकुळ शिरगाव एमआयडीसीत सीएनसी मशीनवर कामाला आहे. रोज येऊन-जाऊन साठ-पासष्ट किलोमीटर होतात. सकाळी बायको आणि सहा वर्षांची लेक कोल्हापुरात गंगावेशपर्यंत माझ्या मागं असतात. गाडी मूळची मेव्हण्यांची. २०२० चं मॉडेल, दीडशे सीसी, पुढं डिस्क. दोन वर्षांपूर्वी ते पुण्याला गेले तेव्हा मी विकत घेतली, पण नावावर करायची राहिली ती राहिलीच. ते इचलकरंजीत असताना २०२१ च्या पुरात गाडी सीटपर्यंत पाण्यात होती. गेल्या महिन्यात शिफ्टमधल्या एकानं सांगितलं, की पुढच्या ब्रेकच्या मास्टर सिलिंडरसाठी कंपनीनं ह्या गाड्या परत मागवल्यात. त्याला मेसेज आला, मला काहीच नाही. शोरूमला गेलो तर काउंटरवरचा पोरगा म्हणाला, गाडी तुमच्या नावावर नाही, वॉरंटी संपली, पुरातली गाडी आहे, आधी पेड सर्व्हिसिंग करा, अडतीसशे होतील, मग बघू. पार्टही दीड-दोन महिने नाही म्हणे. उद्यमनगरातला आमचा मिस्त्री म्हणतो, सहाशे द्या, किट बदलतो, अर्ध्या तासाचं काम. बायको म्हणते, गाजावाजा न करता विकून टाका. काय करू?'

नमस्कार भाऊ,

शोरूमचं, मेव्हण्यांचं, मिस्त्रीचं सगळं बोलू, पण आधी उद्या सकाळचं. बायको आणि लेक उद्यापासून ह्या गाडीवर बसणार नाहीत. एसटीनं गंगावेशपर्यंत यावं, नाहीतर वडापची शेअर जीप आहेच. पार्ट बसेपर्यंत हा खर्च करायचाच असं धरून चाला. आणि सहा वर्षांच्या पोरीसकट तिघं म्हणजे कायद्यानं तसंही एक माणूस जादा. चार वर्षांवरच्या मुलाला हेल्मेट लागतं, त्याचाही तुमच्या पत्रात उल्लेख नाही. बोलून ठेवते, राग मानू नका.

तुम्ही एकट्यानं गाडी न्यायची का, ते गाडीलाच विचारा. गाडी स्टँडला लावा. एकदम ब्रेक मारताना दाबता तेवढ्या जोरानं पुढची लिव्हर दाबा, तशीच धरून ठेवा आणि मनात तीस आकडे मोजा. लिव्हर जिथं थांबली तिथंच राहिली तर आजच्या घडीला दाब टिकतोय. हळूहळू मुठीकडं सरकत गेली तर आत दाब गळतोय, आणि मग गाडी जागची हलवायची नाही. पहिल्या दाबाला पोकळ लागते आणि दोन-तीनदा पंप केल्यावर कडक होते असं असेल, तर बहुधा लाइनमध्ये हवा आहे. तेव्हाही हलवायची नाही. मुठीशेजारच्या तेलाच्या डबीला छोटी काच असते, तिच्यातली पातळी खालच्या खुणेच्या वर आहे का तेही बघा. सगळं ठीक दिसलं तरी जपून, हळू आणि एकट्यानंच. आज टिकलेला दाब पुढच्या आठवड्यात टिकेल याची हमी ही परीक्षा देत नाही.

तुम्ही सीएनसीवर आहात, म्हणून आतली गोष्ट सांगते, तुम्हाला लगेच कळेल. त्या डबीच्या पोटात, म्हणजे मास्टर सिलिंडरमध्ये, एक बोअर, गोल पोकळी, आहे आणि बोअरमध्ये दट्ट्या. दट्ट्याच्या अंगावर रबरी सील असतात. लिव्हर दाबली की दट्ट्या पुढं जातो, सील तेलाला मागं फिरू देत नाहीत, सगळा दाब पाइपातून खाली चाकाजवळच्या कॅलिपरला जातो आणि त्यातले पॅड डिस्क धरतात. रबराचा माल चुकला किंवा बोअरचं फिनिशिंग बिघडलं, की तेल दट्ट्याच्या कडेनं मागं सरकतं. बाहेर एक थेंबही दिसत नाही. चार-पाच मायक्रॉननं जॉब रिजेक्ट झाल्यावर सुपरवायझर का ओरडतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आणि हा पुढचा ब्रेक आहे. ब्रेक मारला की गाडीचा भार पुढं झुकतो, त्यामुळं थांबवण्याचं मोठं काम पुढचं चाकच करतं. मागच्या ब्रेकवर भागवेन असं म्हणाल, तर थांबायला अंतर जास्त लागतं. शिवाय दीडशे सीसीच्या बऱ्याच गाड्यांना एबीएस, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाक अडकू न देणारी सोय, फक्त पुढच्या चाकाला असतं, म्हणजे मागचं चाक घसरायला मोकळं. तुमचा रस्ता गगनबावड्याचा. हंगाम सुरू झाला की कुडित्र्याच्या साखर कारखान्याकडं जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या, मागं लाईट नाही, रिफ्लेक्टर नाही, अंधारात अचानक समोर उसाची भिंत उभी राहते. तिथं जो ब्रेक लागतो तो पुढचाच.

आता मिस्त्री. उद्यमनगरच्या हातावर मी शंका घेणार नाही. ऑइल इंजिनं आणि पंप बनवून वाढलेली ती पेठ आहे. पण इथं त्याच्या हातात चुकीची वस्तू पडणार. बाजारात मिळणारं किट जुन्या डिझाइनचं, तेच सदोष रबर असलेलं असू शकतं, किंवा कुणीतरी केलेली नक्कल. कंपनी रिकॉलमध्ये, म्हणजे गाड्या परत बोलावून, पार्ट बदलते तेव्हा दोष काढलेला, सुधारित पार्ट देते, आणि तो बाहेरच्या दुकानात आहे की नाही हे मिस्त्रीला कळायला मार्ग नसतो. दुसरं, तेल. डबीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेलं असतं. गडबडीत कुणी हायड्रॉलिक ऑइल किंवा इंजिन ऑइल ओतलं तर आतलं रबर फुगतं आणि होता तो ब्रेकही जातो. तिसरं कारण कागदाचं. मिस्त्रीनं ते उघडलं, की उद्या काही झाल्यावर 'बाहेर उघडलंय' हे एक वाक्य कंपनीला पुरतं. तेव्हा चेन, क्लच केबल, हवा, बल्ब हे सगळं त्याच्याकडंच करा. मास्टर सिलिंडरला पाना लावू देऊ नका.

वर्तमानपत्रात 'गाड्या परत मागवल्या' असं छापून येतं आणि माणूस घाबरतो. गाडी कुणी परत नेत नाही. बोलावतात, दोषी भाग तपासतात, बदलतात, घरी पाठवतात. मोठमोठ्या कंपन्यांनी हे केलंय. २०१८ मध्ये होंडानं पुढच्या फोर्कच्या बोल्टसाठी ५६,१९४ स्कूटर बोलावल्या. मे २०२१ मध्ये रॉयल एनफिल्डनं इग्निशन कॉइलपायी २,३६,९६६ गाड्या तपासायला घेतल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये यामाहानं ब्रेक लिव्हरसाठी तीन लाखांच्या आसपास स्कूटर बोलावल्या. ह्यामागं नुसता चांगुलपणा नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं ११०-अ हे कलम आलं आणि एप्रिल २०२१ पासून ते लागू झालं. दोष धोक्याचा असेल तर केंद्र सरकार कंपनीला गाड्या परत मागवायला लावू शकतं, वर दंडही आहे. मात्र कंपनीनं आपणहून दोष कळवला आणि रिकॉल सुरू केलं तर तो दंड नाही. म्हणून हल्ली कंपन्या आधीच जाहीर करतात. गाडीला नावं ठेवायची गरज नाही. ज्या कंपनीचं एकही रिकॉल कधी ऐकू येत नाही, तिच्याबद्दल मला जास्त शंका येते.

मी अकरा वर्षं एका शोरूममध्ये सर्व्हिस ॲडव्हायझर होते, त्यामुळं काउंटरमागं काय चालतं ते सांगू शकते. रिकॉलचं काम कंपनीचं, हात फक्त डीलरचे. पार्ट कंपनी पाठवते आणि मजुरी कंपनीच्या ठरलेल्या दरानं डीलरला मिळते. तो दर पेड सर्व्हिसिंगच्या मानानं किरकोळ. शनिवारी सकाळी बाहेर तीस गाड्या उभ्या असताना रिकॉलची गाडी रॅम्पवर घेणं मॅनेजरच्या जिवावर येतं. मग काउंटरवरच्या पोराला 'आधी सर्व्हिसिंग करा' हे वाक्य पाठ करायला लावतात. त्या पोराशी भांडू नका, तो टार्गेटवर जगतो. त्याची वाक्यं मात्र एकेक करून बाजूला काढू.

'वॉरंटी संपली.' वॉरंटी ही विकतानाची बोली आहे, ठरलेल्या वर्षांची आणि किलोमीटरची. रिकॉल कंपनीनं स्वतः कबूल केलेल्या दोषाचं असतं आणि ते चेसिस नंबरवर चालतं. तुमचा नंबर यादीत असेल तर वॉरंटीचा विषयच येत नाही.

'नावावर नाही.' सिस्टीममध्ये चेसिस नंबर टाकला की त्या गाडीवर कॅम्पेन, म्हणजे रिकॉलचं काम, उघडं आहे का बंद, हे समोर दिसतं. तिथं मालकाचं तोंड दिसत नाही. आरसीची, म्हणजे नोंदणीच्या कागदाची, प्रत आणि मेव्हण्यांनी फोनवर सांगितलेलं एक वाक्य एवढं पुरावं. पण तुमच्या बाजूनं ही गोष्ट दुबळी आहे हे खरं, तिच्याकडं वळतेच.

'पुरातली गाडी.' ही सबब सगळ्यात हुशार आहे, कारण ती अर्धवट खरी वाटते. सीटपर्यंत पाणी म्हणजे कॅलिपर बुडालं होतं, हँडलवरचा मास्टर सिलिंडर नाही. आणि कारखान्यातला दोष पूर येण्याआधीही होताच. तरी पुराची गोष्ट लपवू नका, स्वतःहून सांगा. ब्रेकचं तेल हवेतली ओल शोषतं. तसंही दर दोन वर्षांनी ते बदलायचं असतं, आणि तुमच्या गाडीचं कधी बदललं हे तुम्हाला माहीत आहे असं वाटत नाही. कॅलिपरचे पिन आणि दट्टे गंजलेत का ते तपासून घ्या. ते तुमच्या खर्चाचं काम, ते वेगळ्या बिलावर. मास्टर सिलिंडर बदलला की लाइन रिकामी होते, म्हणजे नवं तेल भरणं आणि हवा काढणं हे रिकॉलच्या कामातच येतं. त्याचे पैसे मागितले तर देऊ नका.

'आधी पेड सर्व्हिसिंग.' ह्याला उत्तर एकच: 'आज फक्त कॅम्पेनचं काम. बाकीचं नंतर बघतो.' आवाज चढवायचा नाही. वॉशिंग, कन्झ्युमेबल, नट-बोल्ट टाइटनिंग अशा ओळी बिलात हळूच येतात. जॉबकार्डवर, म्हणजे कामाच्या नोंदीच्या कागदावर, सही करायच्या आधी वाचा आणि नको त्यावर रेघ मारायला लावा.

'पार्ट नाही.' हे खोटं असेलच असं नाही. लाखभर गाड्या एकदम बोलावल्या की सुधारित पार्ट टप्प्याटप्प्यानं येतो. पण पार्ट चेसिस नंबर टाकून मागवावा लागतो. तुमच्या नावानं मागणी गेलीच नसेल, तर दोन महिन्यांनीही तो आलेला नसेल. म्हणून आज नुसतं विचारून घरी यायचं नाही. जॉबकार्ड उघडायला लावा, 'कस्टमर कम्प्लेंट'च्या रकान्यात पुढच्या ब्रेकचं रिकॉल आणि लिव्हर मुठीकडं सरकत असेल तर तेही तुमच्या शब्दांत लिहायला लावा, पार्टच्या मागणीचा नंबर घ्या. सगळ्याचा मोबाईलवर फोटो.

त्याआधी घरी बसून एक काम करा. कंपनीच्या वेबसाइटवर किंवा टोल फ्री नंबरवर चेसिस नंबर देऊन खात्री करा. मित्राच्या गाडीला मेसेज आला म्हणजे तुमची यादीत असेलच असं नाही. एकाच मॉडेलच्या ठराविक महिन्यांतल्याच गाड्या घेतलेल्या असतात. चेसिस नंबर सतरा अक्षरांचा असतो, आरसीवर आणि हँडलखालच्या मानेवर कोरलेला. आरसीवरून उतरवून घ्या आणि मानेवरच्याशी जुळवा. शून्य आणि आठ, पाच आणि एस यांत मी स्वतः खूपदा फसलेय. काउंटरवर 'रिकॉल' ह्या शब्दाला कुणी ओळख देत नसेल तर 'सर्व्हिस कॅम्पेन' म्हणा, आतल्या भाषेत बहुतेकदा तेच नाव असतं.

ह्या शोरूमनं टाळलं तर ह्याच कंपनीचा दुसरा अधिकृत डीलर चालतो. इचलकरंजी आहे, सांगली आहे. विकत जिथून घेतली तिथंच जावं असं बंधन रिकॉलला नसतं. फक्त जायच्या आधी फोन करून पार्ट हातात आहे का विचारा, आणि लिव्हर सरकत असेल तर गाडी टेम्पोत घालून न्या. त्याचं भाडं किंवा गाडी न्यायची सोय कंपनीकडं मागून बघा. मागायला लाज वाटू देऊ नका. कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल करा: चेसिस नंबर, शोरूमला गेल्याची तारीख, काय सांगितलं ते, आणि 'ब्रेकचा दोष असल्यानं गाडी उभी आहे' हे वाक्य. ते वाक्य वाचल्यावर पुढच्या माणसाला ते बाजूला ठेवणं जड जातं. आठ-दहा दिवसांत हालचाल नाही दिसली तर १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, नंबर मिळतो. परिवहनच्या संकेतस्थळावरही वाहनाच्या दोषाची तक्रार करता येते. शेवटी जिल्हा ग्राहक आयोग आहे. दोन वर्षांच्या आत जावं लागतं आणि पाच लाखांपर्यंतच्या किमतीला फी नाही.

आता मेव्हणे. कंपनीचा मेसेज गेला असणार तो नोंदणीतल्या मालकाच्या जुन्या नंबरवर. तुम्हाला काही न येण्याचं कारण हेच, त्यात शोरूमची चूक नाही. कायद्यानं विकणाऱ्यानं चौदा दिवसांत आणि घेणाऱ्यानं तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. तुमची दोन वर्षं गेलीत. घरातला व्यवहार म्हणून राहिलं असेल, पण ह्यात तुमच्यापेक्षा जास्त अडकलेत ते तुमचे मेव्हणे. नोंदणीत ज्याचं नाव तोच मालक, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय. उद्या ह्या ब्रेकपायी तुम्ही कुणाला धडकलात, तर नुकसानभरपाईची नोटीस पुण्याला जाईल. एवढं त्यांना सांगितलंत तर गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करायला ते स्वतःच पहिल्या गाडीनं येतील. विम्याची पॉलिसीही त्याच दमात नावावर करा. कर्ज असेल तर बँकेचा किंवा पतसंस्थेचा बोजा उतरलाय का ते बघा, ही गोष्ट इचलकरंजीच्या जुन्या कागदांत हमखास लपलेली असते.

एक कबुलीही द्यायची आहे. आमच्याकडं एकदा अशाच एका कॅम्पेनच्या गाड्यांची रांग लागली होती. रॅम्प अडकलेला, वरून फोन. तेव्हा काही गाड्यांच्या जॉबकार्डवर आम्ही न उघडताच 'तपासलं, ठीक' लिहिलं आणि सिस्टीममध्ये कॅम्पेन बंद केलं. मी सही केलेली कार्डंही त्यात होती. नशिबानं कुणाला काही झालं नाही, पण करवीर तालुक्यातले एक आजोबा दोन महिन्यांनी तीच तक्रार घेऊन परत आले आणि म्हणाले, 'पोरी, तू तर सही केली होतीस.' तिथून मला ती नोकरी गोड लागली नाही. म्हणून सांगते, काम चालू असताना बाहेर चहा प्यायला जाऊ नका. काचेमागून का होईना, बघत उभे राहा. काढलेला जुना पार्ट डोळ्यांनी बघा. तो तुम्हाला घरी देणार नाहीत, कंपनीला हिशेब द्यायचा असतो, पण दाखवायला काहीच हरकत नसते. आणि शून्य रुपयांचं का असेना, कॅम्पेन नंबर लिहिलेलं बिल घेऊनच बाहेर पडा. मग पार्किंगमध्येच पुन्हा तीस आकडे मोजा.

राहता राहिला वहिनींचा सल्ला. गाडी विकायला माझी हरकत नाही, न सांगता विकायला आहे. घेणारा तुमच्यासारखाच कुणीतरी असणार, मागं बायको-पोर बसवून दूध घालायला नाहीतर कामाला जाणारा. त्यातून हिशेबही उलटाच पडतो: चेसिस नंबर टाकला की उघडं कॅम्पेन कुणालाही कळतं आणि भाव पडतो. काम झाल्याचं बिल हातात असेल तर तीच गाडी चार पैसे जास्त देऊन जाते. नावावर करून, ब्रेक करून मग विकायची तर विका. वहिनींना हे दाखवा, त्यांची भीती रास्त आहे, फक्त वाट चुकलीय.

मेव्हण्यांना फोन आज रात्रीच करा. त्यांना जुन्या नंबरवरचे मेसेज चाळायला सांगा. कंपनीचा एखादा सापडला तर त्याचा स्क्रीनशॉट शोरूमला उपयोगी पडेल. जॉबकार्ड झालं की त्याचा फोटो मलाही पाठवा. 'कस्टमर कम्प्लेंट'च्या रकान्यात काय लिहिलंय, तेवढंच बघायचंय.